दाजींनी पाय टाकला नव्हता

माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक, आमचे दाजी, माझ्या मोटारसायकलवरून पडले आणि त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला. ते कसे पडले याची एक गोष्ट आमच्या भावकीत अजून सांगतात. ती खोटी आहे. मीच ती सांगितली होती.

लढाई संपल्यावर मी इटलीतून घरी आलो. पलटणीत माझं काम मोटारसायकलवरून निरोप पोचवायचं. तिकडच्या हिवाळ्यात रस्ता कमी आणि चिखल जास्त, तरी मी एकदाही पडलो नव्हतो. गावात आल्यावर हे मी फार वेळा सांगितलं. पुढे लष्कराने मोडीत काढलेली एक गाडी मला लिलावात मिळाली. कृष्णाकाठच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत होता, पण मोटारसायकल माझी एकट्याची होती.

पोरगा सुखरूप आला तर औंधच्या यमाईची ओटी भरीन, असं आई बोलली होती. तिचे गुडघे धरले होते, म्हणून साडी, खण, नारळ यांचं बोचकं बांधून तिने मला आणि दाजींना पाठवलं. ओटी पुजाऱ्याच्या घरातल्या बाईकडून भरून घ्या, म्हणाली. उत्तरा नक्षत्राचा पाऊस लागला होता. निघताना तिने मला बजावलं, "डोंगुर दिसला की आदी हात जोड. ताठ जाऊ नगंस देवीम्होरं."

दाजी पहिल्यांदाच गाडीवर बसत होते. बोचकं त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"दाजी, एक ध्यानात ठेवा. काय बी झालं तरी पाय खाली टाकायचा न्हाई. गाडी घसरतीया वाटलं तरी न्हाई."

"आन् तू पडलास तर?"

"मी पडत न्हाई."

"बरं. तू पडलास तर मी एकटाच वर बसून ऱ्हातो मग. तू ये मागनं चालत."

काळ्या रानातला रस्ता भिजून लोणी झाला होता. मी ओरडून ओरडून त्यांना एकेक सांगत होतो. बैलगाडीच्या चाकोरीत चाक घालायचं नाही, ते लवकर बाहेर निघत नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. चिखलात पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. आणि ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही, नाहीतर मागचं चाक अडखळतं आणि गाडी आडवी होते. दाजी मागून प्रत्येक वेळी "व्हय सायेब" म्हणत होते.

औंधच्या अलीकडे एका वळणात पावसाचा पडदा सरला आणि यमाईचा डोंगर दिसला. माझा उजवा हात कपाळाकडे गेला. आमच्याकडे तो जातोच. गाडीवान एका हातात कासरा धरतो आणि दुसरा कपाळाला लावतो, बैल चालत राहतात. मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर उजव्या हातात असतो. इंजिन एकदम बसलं, मागचं चाक सरकलं, आणि मी घाबरून मागचा ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे पडली. मी बाजूला फेकला गेलो. दाजी गाडीखाली होते. बोचकं अजून छातीशी होतं आणि डावा पाय पायदानावरच होता. उजवाही त्याच्या पायदानावरच चेंगरला होता. हे मी पाहिलं.

एका बैलगाडीतून त्यांना औंधात नेलं, तिथून साताऱ्याच्या दवाखान्यात. डोक्यालाही मार होता. शुद्धीवर आले तेव्हा आक्का पायाशी बसली होती, मी उशाशी.

"गड्या, काय झालं रं? मला काय आठवंना."

मी म्हणालो, "तुमी पाय खाली टाकला, दाजी."

त्यांनी मान उचलून पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आसंल. लय घसरत व्हतं." आणि मग, "तुझ्या गाडीचं लय मोडलं का?"

तेव्हा मला काही वाटल्याचं आठवत नाही. अजूनही तो क्षण आठवला की तिथे काही वाटत नाही.

दाजी पाभर धरायचे. त्यांच्या पेरणीच्या ओळी सरळ म्हणून बाकीचे त्यांना आपल्या रानात बोलवून न्यायचे. अधू पायाने पाभरीमागे चालता येत नाही. पुढच्या मृगात पेरणीला दुसऱ्याला लावलं, दाजी बांधावर बसले. पण जास्त लागलं ते गावाचं बोलणं. पाय टाकला म्हणजे घाबरला, आणि घरोघर फौजी असलेल्या गावात हा शब्द वाईट. पारावर कोणीतरी म्हणायचं, "आवं दाजी, पाय वर घ्या, चिखुल हाय," आणि सगळे हसायचे. दाजीही हसायचे. मी पुढे पुष्कळ पोरांना गाडी शिकवली. पावसात मागच्याने कसं बसावं हे सांगताना दाजींचं उदाहरण द्यायचो. त्यांच्यादेखतही दिलं.

दाजी गेले. गेल्या महिन्यात मी आक्काकडे गेलो आणि जे इथे लिहिलं ते तिला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. फोडत राहिली.

"ते म्हनायचं मला," ती म्हणाली. "घरात, आमी दोघंच आसताना. 'मला आठवत न्हाई, पर मी पाय टाकनार न्हाई गं, एकदा सांगितल्यावर.' मी म्हनायची, 'माझा भाऊ खोटं कशाला बोलंल?' मग गप बसायचं."

मी तिच्या सुपातली एक शेंग उचलून फोडली.

"किती येळा गप बसवलं मी त्यास्नी," ती म्हणाली. सूप बाजूला सारून तिने माझ्याकडे पाहिलं. "दिवाळीला समदी पोरं येत्याती. नातवंडं बी. तवा सांग. माझ्याम्होरं सांग."

मी हो म्हणालो. दिवाळीला अजून वेळ आहे आणि माझं वय झालं आहे, म्हणून हे लिहून तिच्याकडे दिलं. तिला वाचता येत नाही. मी नसलो तर पोरांपैकी कोणीतरी तिला मोठ्याने वाचून दाखवावं, सगळ्यांसमोर.