बाबांचा उपास आणि आईचं ताट

“गुरुजी, उजव्या मूत्रपिंडात गाठ आहे. कर्करोगाचीच वाटते. ते मूत्रपिंड काढावं लागेल.”

नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती. बाबांनी डोक्यावरची खादीची टोपी काढून घडी केली आणि विचारलं, “आणखी सात दिवस उपास केला तर?”

मी पंधरा वर्षांची होते. आईला अंथरुणातून उठवत नव्हतं, म्हणून आमच्या सिंदी गावाहून बाबांसोबत मी आले होते. बाबांच्या त्या प्रश्नाचा मला भयंकर राग आला, आणि खरं सांगते, तो अजून पुरता गेलेला नाही.

सुरुवात त्याच्या चार महिने आधीची. बाबांच्या लघवीतून रक्त गेलं. डॉक्टरी भाषेत याला हिमॅच्युरिया म्हणतात, म्हणजे लघवीतून रक्त जाणं. दुखत काही नव्हतं. आमच्या वर्ध्याच्या मुलखात तेव्हा निसर्गोपचाराचं भारी वेड. पोटावर मातीची पट्टी, टबात कटिस्नान आणि सगळ्यात वर उपास. शाळामास्तर असलेल्या बाबांनी तीन दिवस लिंबूपाण्यावर काढले आणि रक्त थांबलं. या आजारात ते आपोआप येतं आणि जातं, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं?

“शरीर उपाशी राह्यलं की आतला कचरा सोताच खाऊन टाकते,” असं ते शाळेतही सांगू लागले. रक्त पुन्हा आलं, त्यांनी पुन्हा उपास केला. चौथ्या वेळी सात दिवसांचा संकल्प केला.

आमच्या घरी आई बाबांच्या मागून जेवायची, तीही त्यांच्याच उष्ट्या ताटात. बाबांचं ताट त्या आठवड्यात फळीवर कोरडंच उपडं पडून होतं. आईही जेवत नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. विचारलं तर आई म्हणाली, “ते नाई जेवत, तं मी कशी जेवू? बाबाले सांगू नोको.”

मी सांगितलं नाही. आईचा शब्द मोडायचा नाही, एवढंच कळत होतं. सहाव्या दिवशी जात्यावर ज्वारी दळता दळता ती आडवी झाली, तेव्हा मी रडत रडत सगळं बोलून टाकलं.

बाबा ताटाजवळ गेले. ते सुलटं करून त्यांनी त्याच्या कोरड्या तळावरून बोट फिरवलं. “तू काऊन नाई सांगतलं?” एवढंच मला म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मुगाच्या कढणावर उपास सोडला, आईलाही पाजलं, आणि दुसऱ्या सकाळी त्यांची तपासणी करून घ्यायला आम्ही दोघं नागपूरच्या गाडीत बसलो.

तिथे शिरेत औषध टोचून एक्स-रे काढले. त्याला पायलोग्राफी म्हणतात. औषध मूत्रपिंडात उतरलं की त्याचा आकार फिल्मवर दिसतो. उजवीकडचा आकार वाकडा होता.

डॉक्टर बाबांच्या प्रश्नावर हसले नाहीत. म्हणाले, “गुरुजी, उपाशी शरीर स्वतःला खातं, हे खरं आहे. पण आधी काय खायचं, ते तुम्ही ठरवत नाही. तुमचं मांस झडलं, गाठ जागेवर आहे.”

बाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि शस्त्रक्रियेचा दिवस विचारला.

शस्त्रक्रियेचं नाव नेफ्रेक्टॉमी, म्हणजे मूत्रपिंड काढून टाकणं. त्या दिवशी आई हट्टाने आली. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघी सकाळपासून बसलो होतो. परिचारिका बाहेर आली की आई उठून उभी राहायची. दुपार कलल्यावर डॉक्टर आले आणि म्हणाले, “गाठ पूर्ण निघाली आहे. आता वाट बघायची.”

आज मोबाईलवर रोज कोणी ना कोणी उपासाने कर्करोग बरा करतं, म्हणून हे लिहिते आहे. पेशी आपलेच जीर्ण भाग फोडून पुन्हा वापरते, याला ऑटोफॅजी म्हणतात. बाबा अगदीच चुकीचं बोलत नव्हते. पण माझ्या डॉक्टर भाचीने समजावलं की मूत्रपिंडाच्या कर्करोगात हीच क्रिया कधी गाठीला आवर घालते, तर कधी उपासमारीत गाठीच्याच पेशींना तगवते. नेमकं केव्हा काय, हे अजून शोधताहेत. तुमच्या लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, तरी आधी डॉक्टर गाठा. ते थांबलं, तरी गाठा.

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी बाबांना पातळ पेज द्यायला सांगितली. आईने चमचा पुढे केला. बाबांनी तोंड मिटून घेतलं.

“आंधी तू जेव.”

भरल्या वॉर्डात आई लाजून पाठमोरी बसली आणि आपली भाकर खाल्ली. ती संपेपर्यंत बाबांनी पेज घेतली नाही. घरी आल्यावरही हाच नेम राहिला. आईचं जेवण झाल्याशिवाय बाबा पाटावर बसत नसत. अशी बरीच वर्षं आम्हाला मिळाली. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरलेले नाही.

बाबा गेले त्या संध्याकाळी शेजारच्यांनी पिठलं-भाकर आणली. मी आईसमोर ताट ठेवलं.

“आता कोनाच्या आंधी जेवू?” तिने मला विचारलं.