चुकलेल्या माणसाचं पुस्तक

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायचं काम करायची. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि किती कोंब येतात ते पाहायचं. पिशवीवर कितीही टपोरं कणीस छापलेलं असो, कोंब दिसेपर्यंत माझा विश्वास बसत नसे. घरीही तेच. सासूबाई म्हणायच्या, "हिला मीठसुद्धा चाखून पाहावं लागतं, खारट आहे का ते."

त्या हिवाळ्यात नवऱ्यानं सह्याद्रीतला एक किल्ला चढायचा घाट घातला. आमच्या ओळखीतलं कुणी तसल्या डोंगरात गेलेलं नव्हतं. म्हणून वाटांची माहिती देणारं पुस्तक घ्यायला आम्ही जालन्यातल्याच मस्तगड भागात एका दुकानात गेलो.

दुकानदारानं गुळगुळीत कागदाचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि मी हात लावायच्या आत ते बांधायला घेतलं.

"थांबा, आत बघू द्या," मी म्हटलं.

"ताई, हेच चालू राह्यलंय सगळीकडं. बिलकुल डोळे झाकून घ्या."

डोळे झाकून म्हटल्यावर तर मी ते उघडलंच.

त्यात अजिंठ्याच्या डोंगरांवर एक प्रकरण होतं. माझं माहेर पिंपळगाव रेणुकाई, त्या डोंगरात आम्ही सरपणाला जायचो. तिथल्या एका ओढ्याला लेखकानं 'बारमाही खळाळता' म्हटलं होतं. दिवाळी सरली की त्या ओढ्यात नुसते गोटे उरतात. मग मी फोटो पाहिले. सगळ्यांत ढग, हिरवळ आणि ओले कातळ. हा माणूस पावसाळा सोडून कधी डोंगरात गेला असेल, असं मला वाटेना. गेला होता की नाही, याचीच शंका यायला लागली.

"दुसरं काही आहे?"

दुकानदारानं नाइलाजानं खालच्या फळीवरचं एक पातळ पुस्तक पुढं सरकवलं. नकाशे हातानं काढलेले, छपाई फिकट. त्याच्यावरही माझा भरवसा नव्हताच. पण आम्हाला जायचं होतं त्या किल्ल्याचं पान मी काढलं. लिहिलं होतं: 'खिंडीनंतर रुंद वाटेनं गेलो आणि फसलो. ती कड्यावर संपते. मागे येऊन कारवीच्या झुडपांतली बारीक वाट धरली.'

"हे घ्या," मी म्हटलं.

नवरा बघतच राहिला. "अगं, जो स्वतःच चुकला, त्याचं पुस्तक घ्यायचं?"

"निदान गेला तरी होता!"

दुकानदारानं तोंड वळवलं. हसतोय का, याचाही मला संशय आला, पण पुस्तक घेऊन आम्ही बाहेर पडलो.

किल्ल्याच्या खिंडीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पुढं खरंच दोन वाटा फुटल्या होत्या. रुंद वाट चांगली मळलेली, तिच्यावर शेणाचे पोहोटे पडलेले. बारीक वाट कारवीत शिरून दिसेनाशी होत होती. कुणीही रुंद वाटच धरली असती.

"पुस्तकात उलटं छापलं असलं तर?" मी म्हटलं.

"तूच निवडलंयस ना?"

"म्हणून काय झालं? छापणारा चुकू शकतो."

तो वैतागला. "मंग इथंच बस. मी बघून येतो."

तो रुंद वाटेनं वळणाआड गेला. पावलांचा आवाज थांबला. मी हाक मारली. पुन्हा मारली. बऱ्याच वेळानं तो हळूहळू चालत आला, चेहरा उतरलेला.

"गवताच्या पलीकडं वाटच न्हाई," तो म्हणाला. "सरळ खाली दरी. एक पाय पुढं पडला असता तर..." मी त्याचा दंड धरला तो कारवीत शिरेपर्यंत सोडला नाही.

बारीक वाटेनं आम्ही दुपारी माथ्यावर पोचलो. वारा जोरात होता आणि समोर एकामागं एक डोंगर पसरले होते. नवरा तटाला टेकून बसला.

"आता तरी पटलं का, पुस्तक बराबर आहे?"

"वर येण्यापुरतं पटलं," मी म्हटलं. "उतरायचं अजून राहिलंय."

तो इतका मोठ्यानं हसला की मलाही हसू आवरेना. मग आम्ही भाकरीचं फडकं सोडलं.