जुन्या प्लेअरवरची भट्टी

बाबा गेल्यावर आई मला घेऊन तिच्या भावाकडं कोल्हापूरला आली, तेव्हा मी शाळेत होते. मामांनी मला शिकवलं, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करू दिला आणि तो होताच शिरोलीतल्या त्यांच्या फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, ऑफिसात बसवलं. मला पुण्याला नोकरी करायची होती. पण ज्यांच्या घरात आपण राहतो त्यांना हे सांगायचं कसं, ते मला सुचत नव्हतं.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास जर्मनीतल्या एका कंपनीला आमच्याकडून पंपाची ओतीव कास्टिंगं घ्यायची होती. त्यांचा तपासनीस आजारपणामुळं प्रवास करू शकत नव्हता. ओतकाम इंटरनेटवरून थेट दाखवा, असं त्यांनी कळवलं. मामांनी कॅमेरा आणला, नवं सॉफ्टवेअर आणलं आणि सगळं माझ्यापुढं ठेवलं. भट्टीच्या वरच्या अंगाला एक काचेची केबिन होती. धूळ येऊ नये म्हणून तिचं दार बंद, आवाज नको म्हणून पंखाही बंद. तिथं मी दिवसभर बसायचे.

पहिल्याच दिवशी जर्मनीतून फोन आला की आवाज येतोय, पण पडदा काळा आहे. माझ्या पडद्यावर तर सगळं लख्ख दिसत होतं. मी सेटिंग बदलत राहिले, ते काळंच म्हणत राहिले. शेवटी कळलं की त्यांच्याकडचा व्हिडिओ प्लेअर फार जुना आहे आणि त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नवीन काही घालायची परवानगी नाही.

मामा दर थोड्या वेळानं दार उघडून विचारायचे, “पावण्यांस्नी दिसाय लागलं का?” मी नाही म्हणून मान हलवली की दार पुन्हा बंद व्हायचं.

आमच्या हिशेबनिसांच्या कॉम्प्युटरवर तोच जुना प्लेअर होता. तो कॉम्प्युटर मी केबिनमध्ये आणवला आणि त्यावर आमचं प्रक्षेपण लावलं. तसाच आवाज, तसाच काळा पडदा. निदान आता त्यांना काय दिसतं ते मला दिसत होतं. हळूहळू उलगडा झाला. आमचं सॉफ्टवेअर चित्र ज्या पद्धतीनं दाबून लहान करत होतं, ती त्या प्लेअरनंतर निघालेली होती. आवाजाची पद्धत जुनी, म्हणून आवाज पोचत होता. मी चित्रासाठीही आधीची पद्धत निवडली. चित्र आलं, पण अडखळत. त्या पद्धतीत डेटा जास्त जायचा आणि आमची लाईन बारीक. मग चित्राचा आकार कमी केला, हालचाल थोडी तुटक होऊ दिली. तरी त्या प्लेअरला नवा पत्ता उघडता येईना, म्हणून त्याला कळेल अशा तऱ्हेनं पत्ता लिहिलेली छोटी फाईल त्यांना पाठवली. एका दुपारी फोनवरचा माणूस म्हणाला की रस साच्यात पडताना दिसतोय. मी खुर्चीत मागं टेकले आणि रडले.

ऑर्डर मिळाली, मामांनी फौंड्रीभर पेढे वाटले. आता प्रत्येक खेपेचं ओतकाम पाहू, असं जर्मनीनं कळवलं. म्हणजे मी प्रत्येक खेपेला केबिनमध्ये. त्याच आठवड्यात जेवताना मामा आईला म्हणाले की पोरीला बाहेर कशाला द्यायची, आपल्याच घरात करून घेऊ. आमच्याकडं मामाच्या मुलाशी लग्न ही नवलाची गोष्ट नव्हती. मामेभाऊ खाली मान घालून जेवत राहिला. मला कुणी काही विचारलं नाही. आई भाकरी वाढत होती, तिचा हात तेवढा थांबला.

पुढच्या वर्षी जर्मनीतले कॉम्प्युटर बदलले. नव्या प्लेअरला माझी कसलीच खटपट लागेना. मामेभाऊ एक बटण दाबून प्रक्षेपण सुरू करू लागला. मला वाटलं, सुटले. मामा म्हणाले, “आता तुला हितं यायची गरज न्हाय. लग्नाच्या तयारीला लाग.”

मी मामेभावाला गाठलं. त्यालाही हे लग्न नको होतं, पण वडिलांसमोर तोंड उघडायची त्याची तयारी नव्हती. तू सांगितलंस तर मी आड येणार नाही, एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चहा घेत असताना मी समोर उभी राहिले. आमच्याकडं मुलीही ‘जातो’च म्हणतात. “मामा, मी पुण्याला जातो. मला हे लग्न करायचं न्हाय.”

मामी म्हणाल्या, आम्ही काय कमी केलं. त्यांनी खरंच काही कमी केलं नव्हतं. मामांनी कप खाली ठेवला.

“आणि तुझ्या आईनं काय करायचं?”

याच प्रश्नापाशी मी इतकी वर्षं अडले होते. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “मी पण जातो, दादा,” ती म्हणाली. आणि ती आत गेली नाही, माझ्या शेजारी उभी राहिली. मामा न जेवता फौंड्रीवर निघून गेले.

पुण्यात आम्ही एक खोली घेतली आणि थोड्या दिवसांनी मला नोकरी लागली. भाऊबीजेला आई एकटीच कोल्हापूरला गेली. मामांनी तिच्याकडून ओवाळून घेतलं, जेवू घातलं आणि संध्याकाळी स्वतः गाडी काढून एसटी स्टँडवर सोडलं. माझं नाव मात्र दिवसभरात त्यांनी एकदाही काढलं नाही, असं तिनं आल्यावर सांगितलं.