आमचे हे आणि जहाजी पलटण

आमच्या ह्यांच्या तोंडून 'नाही' निघत नाही. गिरणीच्या रंगखात्यात दुसऱ्या कुणाची पाळी असली तरी जाणार भाऊरावच. आणि जयंतीला मंडळ उधन्याच्या मैदानात लढाई करून दाखवायचं, तिथे मरायलाही भाऊरावच!

लढाई शंभर वर्षांपूर्वीच्या, इंग्रजांच्या जहाजी पलटणीची. कापडाचे ताके वाहायच्या हातगाडीवर पुठ्ठ्याचं जहाज. त्यातून लाल कोटातले शिपाई उतरून किल्ला घेणार. तेव्हा दोन्हीकडे इथलीच माणसं होती म्हणे. पण आमच्या वस्तीत किल्ल्यातला शिपाई व्हायला कोण तयार होतंय? सगळ्यांना लाल कोट हवा. मग मंडळाचा धुडकू दारात हजर. "भाऊराव, या वर्षी चालवून घ्या, पुढच्या वर्षी बघू." सुतळी बॉम्ब फुटला की हे पहिले आडवे. वर्षानुवर्षं! पोरं म्हणायची, मरावं तर भाऊरावांनी.

मला काही हसू यायचं नाही. माझ्या सासूबाईंचा आजा खरोखर त्या पलटणीत होता. धुळ्याहून कुणीही आलं की सासूबाईंचा निरोप असायचा: माझ्या भाऊला कोट मिळाला का? आणि हे बेधडक 'मिळाला' म्हणून कळवायचे. एकाहत्तर सालच्या जयंतीला म्हातारी स्वतःच येऊन थडकली. डोळ्यांत मोतीबिंदू, पण लाल तेवढं दिसतं म्हणाली.

मग मीच धुडकूला गाठलं. "ह्यांना कोट द्या, नाहीतर मंडळाचा स्वयंपाक तुम्हीच रांधा!" दिला मुकाट्याने.

अगं बाई, काय रुबाबदार दिसत होते हे! सासूबाईंना मी अगदी पुढे बसवलं. "ते बघा, जहाजावर सगळ्यांच्या पुढे." म्हातारीने माझा हात घट्ट धरला.

बॉम्ब फुटला आणि हे धाडकन पडले. कुणी मारलं नव्हतं हो! अंगवळणी पडलेलं, दुसरं काय. सगळं मैदान खो खो हसलं.

"उठा हो!" मी ओरडले.

ह्यांनी मान उचलली, आईकडे पाहिलं. पण धुडकू दातओठ खात खुणा करत होता, पडलात तर आता पडूनच राहा. ह्यांनी मान परत टेकली. जीव तीळतीळ तुटला माझा, पण मी काय करणार?

"प्रभावती, भाऊ कुठे गेला?" सासूबाईंनी विचारलं. शेजारच्या बाईने सांगून टाकलं, पडले म्हणून.

म्हातारी काठी टेकत उभी राहिली. "मन्हा आजा पडना नव्हता, भाऊ!"

ह्यांना ऐकू गेलं. ह्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.