आधी सही, मग रक्कम

मुख्याध्यापकांनी शनिवारचा शेवटचा तास मला दिला, तो माझं अक्षर चांगलं म्हणून. शिरूर तालुक्यातल्या एका खेड्यातलं आमचं हायस्कूल. शाळेनं मुलांसाठी बचत बँक सुरू केली होती, म्हणून नववीला पैशांचे व्यवहार शिकवायचं ठरलं. मी मराठीची शिक्षिका. पण पगारदार बाईला पैशातलं कळतच असणार, असं सगळे धरून चालले होते. खरं तर मीही.

पहिले शनिवार मजेत गेले. गरज कोणती आणि चैन कोणती, यावर वर्ग तावातावानं भांडला. ज्यांचे भाऊ सणसवाडीच्या कंपन्यांत जात, त्यांच्या मते बूट ही गरज. शेतावरची पोरं म्हणाली, चप्पल असताना बूट कशाला, निव्वळ चैन. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अंथरूण पाहून पाय पसरावेत', आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

मग पैसे काढायच्या स्लिपेचा धडा आला. बँकेतली स्लिप मी फळ्यावर हुबेहूब काढली. तारीख, खाते क्रमांक, रक्कम अक्षरी, रक्कम अंकी, खाली सही. "आता ही भरू या," म्हणाले आणि खडू थेट खालच्या कोपऱ्यात नेऊन माझी सही ठोकली. वर सगळं कोरं.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, पैसं किती काढायचं ते लिवलंच न्हाई. आधी सही करायची व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मग कुणीबी कितीबी भरंल की!"

वर्ग हसला. मीही हसले, सही पुसली आणि सांगितलं, की रक्कम आधी, सही शेवटी. कोऱ्या स्लिपेवर तर जन्मात सही करायची नाही. माझे कान मात्र तापले होते. फळ्यावर माझी चूक झाली नव्हती. मला तेवढंच येत होतं.

लग्न झाल्यापासून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझे यजमान कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा ओट्यावर आणून ठेवत. मी पिठाचे हात पुसायची आणि सगळ्यांवर सह्या करून पुन्हा कणकेकडे वळायची. रक्कम ते भरत, लागेल तशी. नियमानं पैसे काढायला खातेदारानं स्वतः जायचं असतं, पण कॅशियर त्यांच्या वर्गातला. माझ्या पगाराचा रंग मी कधी पाहिला नाही. रोज सकाळी टीव्हीवर माझ्यासाठी एसटीच्या भाड्याचे पैसे ठेवलेले असत, जाऊन-येऊन पुरतील एवढे.

आता हे वाचून कुणी त्यांना दारुडा किंवा जुगारी समजेल, तर तसं काहीच नव्हतं. सुपारीचं खांडसुद्धा ते तोंडात टाकत नसत. सणसवाडीला एका कंपनीत सुपरवायझर होते आणि तिथंच सासऱ्यांच्या जागेत भाड्यानं द्यायला खोल्या बांधत होते. बाहेरून आलेल्या कामगारांना खोल्या मिळत नसत, म्हणजे हिशेब अगदी पक्का. माझा पगार त्या विटा-सिमेंटमध्ये जात होता. बचत, गुंतवणूक, काटकसर, जे जे मी वर्गात शिकवत होते ते सगळं हा माणूस घरी करत होता. दारुड्याच्या बायकोचं गाऱ्हाणं लोक ऐकतात तरी. काटकसरी माणसाच्या बायकोनं कुणाच्या दारात जावं? यवतला माहेरी गेले तेव्हा आईपाशी विषय काढला, तर ती म्हणाली, "नशीब समज. उडवतोय का पैसं? तुमचंच घर वर काढतोय नव्हं?" मग मी तिच्यापुढचे शेंगदाणे निवडायला घेतले.

त्याच वर्षी माझी दाढ ठणकायला लागली. शिरूरच्या दातांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की मूळ साफ करून वर टोपी बसवली तर दाढ वाचेल. दोन-तीन फेऱ्या होतील आणि खर्च जरा आहे. नाहीतर काढून टाकायची, त्याला फारसे पैसे पडत नाहीत. मला दाढ हवी होती. तिशी नुकतीच ओलांडली होती, एवढ्यात तोंडात खिंड नको होती.

रात्री जेवताना मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "या महिन्यात स्लॅब हाय. काढून टाक की. एका दाढेवाचून कुणाचं अडलंय?" मग हसून पुढं म्हणाले, "तूच शिकवतीस ना, गरज आन् चैन?"

मी एका बाजूनं भाकरी चावत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. मला इतका राग आला होता, की कालवणाची चव कळली नाही. पण सगळे शब्द माझेच होते आणि ते त्यांनी आधीच वापरले होते.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीनंतर रजा टाकून मी बँकेत गेले. स्लिप मागून घेतली. तारीख घातली, टोपीचे पैसे अक्षरी लिहिले, अंकी लिहिले आणि अगदी शेवटी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा. वर्गाला बोलावून दाखवावी इतकी ती स्लिप देखणी झाली होती.

कॅशियरनं ती पाहिली आणि माझ्या मागं पाहिलं. "वहिनी, एकट्याच? अन् पासबुक?"

पासबुक यजमानांच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्यासारखी कायम अंगाला. स्लिपेबरोबर पासबुक लागतं, हे मीच मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. "अहो, पण खातं माझं आहे. सही माझी आहे," मी म्हणाले.

"व्हय की. पण नियम म्हंजी नियम, वहिनी. त्यांना पाठवा, लगेच देतो."

मागं रांग होती. मी स्लिपेची घडी करून पर्समध्ये ठेवली.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. ते चिडले असते तर बरं झालं असतं, मीही भांडले असते. ते फक्त म्हणाले, "मागितलं असतंस तर दिलं नसतं का?" मी मागितलं होतं, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. रविवारी ते स्वतः मला घेऊन गेले, दाढ काढवली, पैसे दिले आणि डॉक्टरांनी थंड खा म्हटलं म्हणून येताना आइस्क्रीमचा कपही घेतला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नवरा असावा तर असा.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गठ्ठा ओट्यावर आला. मी हात पुसले, पेन घेतलं आणि म्हणाले, "आधी रक्कम भरा. मग सही करते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थट्टा नाही, राग नाही. स्टूल ओढून समोर बसले आणि माझ्याच हातातून पेन घेतलं. "बरं. सांग, किती भरू?"

मी तोंड उघडलं. खात्यात किती आहेत, मला माहीत नव्हतं. सिमेंटचे किती द्यायचे, किराण्याचे किती, सासूबाईंच्या औषधांचे किती, काहीच माहीत नव्हतं. नववीच्या पोरांना महिन्याचं अंदाजपत्रक करायला लावणारी मी, मला माझ्या घराचा एक आकडा सांगता येईना. जीभ मोकळ्या खिंडीत जाऊन बसली. ते थांबले होते, अगदी धीरानं, जसं वर्गात मी उत्तर न येणाऱ्या मुलासाठी थांबते.

थोड्या वेळानं त्यांनी पेन माझ्यापुढं ठेवलं. मी एकेक करत सगळ्या स्लिपांवर सह्या केल्या. मुख्याध्यापक म्हणतात ते खरं आहे, माझं अक्षर फार चांगलं आहे.