काशाप्पाच्या गाडीतलं भिजत घोंगडं

एखादं काम उगीच लांबत गेलं की आमच्याकडं म्हणतात, त्याचं भिजत घोंगडं पडलंय. म्हणणाऱ्यानं खरोखरचं भिजलेलं घोंगडं वर्षानुवर्षं पडलेलं कधी बघितलेलं नसतं. मी बघितलंय. माझ्या धाकट्या भावाच्या गाडीत.

भावाचं नाव काशाप्पा. वय साठीला टेकलं, मिशी अजून काळी. ती कशानं काळी राहिली ते त्याच्या बायकोला, मंगलला, विचारा. आम्ही धनगर. बापाच्या काळात दोनशे मेंढरं होती आणि काशाप्पा पन्नाशीला येईपर्यंत त्यांच्या मागं हिंडला. मग रानांना तारेची कुंपणं आली. कोळारकडं जिथं आम्ही चारायला न्यायचो तिथं कारखाने उभे राहिले. चारणीला जागा उरली न्हाई, तेव्हा त्यानं कळप विकला आणि एक जुना पिकअप घेतला. लोक म्हणाले, काशाप्पानं मेंढरं सोडली बरं का. कुठली सोडतोय! त्याच गाडीतून तो दुसऱ्यांची मेंढरं बाजाराला न्यायला लागला.

भाऊ म्हणून सांगत न्हाई, पण त्याच्यासारखी मेंढरं नेणारा दुसरा बघितला न्हाई. बाकीचे ड्रायव्हर मेंढरांना पोत्यासारखं भरतात. हा गाभणी मेंढी कडेला ठेवतो, एडका वेगळा बांधतो, आणि ब्रेक असा दाबतो की उभं मेंढरू उभंच राहतं. औरादकडचे मेंढके दुसऱ्याची गाडी दारात उभी असली तरी याची वाट बघतात.

आता घोंगड्यांचं ऐका. मेंढराचं खूर पत्र्यावर घसरतं. गाडी घेतली त्या पहिल्याच आठवड्यात एका मेंढीचा पाय मोडला. काशाप्पा घरी आला, दोन दिवस धड जेवला न्हाई, आणि तिसऱ्या दिवशी पेटीतनं आईच्या तीन घोंगड्या काढल्या. त्यांचं सूत आईनं मेंढरामागं चालता चालता टकळीवर काढलेलं. दोन त्यानं मागच्या हौद्यात अंथरल्या आणि एक पुढं, पायाखाली. कडेनं लाकडी पट्ट्या ठेवून नट-बोल्टांनी आवळून टाकलं.

मी म्हणाले, "काशा, ह्या निघणार कशा?"

"निघायला कामून पायजेत? घोंगडीनं आपल्याला पावसातनं राखलं, थंडीतनं राखलं. गाडीलाबी राखंल."

त्यानंतर अकरा वर्षं. मेंढरं वर उभी राहायची, वरच मुतायची, बाजार करून आला की संध्याकाळी काशाप्पा वरून चार बादल्या पाणी ओतायचा, पाचवी पुढं पायाखाली. झाली गाडी स्वच्छ. खालून लाल लाल ओघळ यायचा. मंगल विचारायची, "अहो, हे काय गळायलंय?" हा म्हणायचा, "माती." आता आमच्याकडं माती लाल, दगड लाल, विहिरीचे काठ लाल, रस्त्यावरनं आलेल्या माणसाचं धोतर लाल. लाल रंगाची चौकशी इथं कोण करतंय? मलासुद्धा ती मातीच वाटली.

यंदा गाडीला पंधरा वर्षं पुरी झाली. आरटीओत फिटनेस करून घ्यायचा होता, आणि खालून पत्रा सडलेला दिसला की गाडी नापास, हे सगळ्यांना ठाऊक. नापास झाली तर तिला भंगारात घालायची. मग काशाप्पानं काय करायचं ते त्याच्या जावयानं, राजशेखरनं, आधीच ठरवून टाकलं होतं. राजशेखर कोळारात एका गोदामात कामाला आहे. पोरगा चांगला. मनापासून सांगत होता.

"मामा, गेटवर जागा हाय. खुर्ची हाय, पंखा हाय. गाडी आली की गेट उघडायचं, गेली की लावायचं."

काशाप्पा म्हणाला, "आन् मधल्या टायमाला?"

"मधल्या टायमाला बसायचं."

बसायचं म्हटल्यावर काशाप्पाचा चेहरा असा झाला, जणू त्याला कुणी खुंट्याला बांधायला निघालंय. पण फिटनेसचं काम काही तो करेना. आज जातो, अमावस्या झाली की जातो, बाजार झाला की जातो. मुदत संपायला दहा दिवस राहिले.

त्या आठवड्यात मला डोळे दाखवायला बीदरला जायचं होतं. मी पुढं त्याच्या शेजारी बसले. नौबादच्या अलीकडं एक उंच गतिरोधक आहे, तिथं गाडी उडाली आणि माझा डावा पाय घोंगडी फाडून खाली गेला. मी वाकून बघते तर काय, पायाजवळ भोक आणि भोकातून रस्ता पळायलाय! चप्पल केव्हाच मागं राहिली.

मी ओरडले, "काशा, थांब! माझी चप्पल पडली!"

तो मागं बघून म्हणाला, "दार तर लावलेलं हाय, पडली कुठून?"

"खालून!"

गाडी थांबवून त्यानं वाकून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "अक्का, तुजं वजन वाढलंय."

"माजं वजन काढू नको. तुजी गाडी वितळली."

चप्पल आणली, ती घातली, आणि मी त्याला म्हणाले, आता डॉक्टर आधी तुझ्या गाडीला. नौबादात व्यंकटचं वेल्डिंगचं दुकान आहे. व्यंकट आणि काशाप्पाची जुनी ओळख. व्यंकट जयभीम म्हणतो, हा राम राम म्हणतो, आणि दोघं एकाच बशीतला चहा पितात. तीस वर्षं वेल्डिंगचा उजेड बघून व्यंकटची नजर गेली, आता तो दारात स्टुलावर बसतो. काम त्याची लेक प्रेरणा करते. आयटीआय झालेली, अंगात जाड जाकीट, केस वर बांधलेले, हातात ग्राइंडर.

काशाप्पा तिला म्हणाला, "पोरी, फार काय न्हाई. थोडं भोक पडलंय. पुट्टी भर, रंग मार, परवा फिटनेसला नेतो."

"काका, पुट्टी म्हंजे तापातल्या माणसाच्या तोंडाला पावडर. दिसायला गोरा, आत फणफण." असं म्हणून ती पेचकस घेऊन गाडीखाली सरकली. वर आम्हाला नुसता आवाज. एक करकर, मग पापड मोडावा तसा आवाज, मग पुन्हा एक. बाहेर आली तेव्हा तिच्या जाकिटावर लाल चुरा पडला होता.

काशाप्पा म्हणाला, "ती माती हाय."

प्रेरणानं चिमूट त्याच्या तळहातावर ठेवली. "चोळा."

त्यानं चोळली. मातीसारखी पसरली न्हाई, पापुद्रे मोडले.

"वरच्या घोंगड्या काढाव्या लागतील," ती म्हणाली आणि पाना घेऊन पहिल्या पट्टीला लागली.

मग मात्र काशाप्पा आडवा आला. हौद्याच्या फळीवर हात टाकून उभा. "पट्टीला हात लावू नको. खालून काय करायचं ते कर. घोंगडीनं कुणाचं वाईट केलंय का कधी? माज्या आईच्या हातची हाय ती."

स्टुलावरनं व्यंकट म्हणाला, "आरं काशाप्पा, तुला थंडी वाजती म्हणून घोंगडी. गाडीला कवा थंडी वाजली रे?"

"तू गप. तुला दिसत न्हाई."

"मला दिसत न्हाई, पण वास येतो. तुज्या गाडीला मेंढवाड्याचा वास यायलाय."

आई माझीपण होती. त्या घोंगडीखाली आम्ही दोघं भावंडं निजलोय. ती त्यानं पत्र्यावर अंथरली तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आता उखडताना बघूनही वाईट वाटत होतं. मनाला काय, दोन्हीकडनं रडता येतं.

प्रेरणानं भांडण केलं न्हाई. पाना खाली ठेवला आणि विचारलं, "काका, पाऊस कवा पडला?"

"पंधरा दिवस झाले."

"गाडी कवा धुतली?"

"चार-पाच दिवस झाले. कामून?"

"घोंगडीच्या खालून हात घाला."

काशाप्पानं कडेनं बोटं सरकवली. मग मनगट गेलं. बराच वेळ हात तसाच आत. बाहेर काढला तर ओला. बोटांवर लाल राड, आणि त्यानं सवयीनं ती नाकाशी नेली. मेंढक्याला प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायची सवय असते.

तो कुणाशीच न्हाई असं बोलला, "ओल्या जागी बसवलं की खूर सडतं."

प्रेरणाला कळलं न्हाई. मी सांगितलं तिला. पावसाळ्यात मेंढवाडा ओला राहिला की मेंढराच्या खुरात सड लागते. वरून खूर धडधाकट दिसतं आणि आत नुसता चिखल. लंगडायला लागलं की कळतं.

"मग काय करताव तुमी?" प्रेरणानं काशाप्पालाच विचारलं.

"काय करणार? चाकूनं सडलेलं कापायचं. निबर लागेस्तोवर. दया करून थोडं ठेवलं की परत सडतं. मग औषध लावायचं आन् कोरड्यात बांधायचं."

"मी दुसरं काय सांगायलेय, काका?"

काशाप्पानं तिच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि स्वतः पाना उचलला. पट्ट्या त्यानंच काढल्या. एकेक बोल्ट गंजून बसलेला, तासभर लागला. हौद्यातल्या दोन्ही घोंगड्या उचलताना हातात तुटल्या. त्यानं त्यांची घडी घालायचा प्रयत्न केला, घडी होईना. शेवटी पोत्यात भरून शेतातल्या बाभळीखाली नेऊन ठेवल्या. पुढची घोंगडी, माझा पाय गेलेली, मी घरी आणली. तीनदा धुतली. लाल डाग गेला न्हाई.

पण खरी भीती पुढंच होती. पत्रा कापून नवा घालता येतो, प्रेरणा म्हणाली, पण अख्खी गाडी पेलणाऱ्या खालच्या दोन लांब चॅसीपट्ट्या सडल्या असल्या तर मी हात लावणार न्हाई. "वर मेंढरं असत्यात, म्होरं तुमी असताव. तिथं जोड देऊन मी तुमाला रस्त्यावर सोडणार न्हाई. मग तुमी सांगितलेली राजशेखर भाऊजींची खुर्ची बरी."

ती खाली झोपली, हातात लहान हातोडी. व्यंकट स्टूल ओढत गाडीजवळ आला, कान खालच्या बाजूला करून. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं, सडकं थप्प. ती ठोकत निघाली. ठण्ण. ठण्ण. काशाप्पा गाडीच्या बाजूनं तिच्या हातोडीबरोबर एकेक पाऊल सरकत होता. मागच्या चाकाजवळ थप्प आलं. तो जागीच थांबला.

खालून प्रेरणा ओरडली, "आडवी पट्टी हाय, काका! लांब न्हाई. आडवी बदलता येती!"

व्यंकट म्हणाला, "परत ठोक. लांब पट्टीवर ठोक."

ठण्ण.

काशाप्पानं डोक्यावरचा पटका काढला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "चहा सांगा कुणीतरी."

चार दिवस काम चाललं. तो रोज सकाळी डबा घेऊन जाऊन बसायचा, मेंढी विताना बसतात तसा. प्रेरणानं सडकं कापलं, आडवी पट्टी नवी टाकली, उरलेला गंज तारेच्या ब्रशनं खरवडला, त्यावर तांबडा रंग, त्यावर काळा. हे सगळं त्याला पटलं. शेवटच्या दिवशी मात्र तिनं नव्या कोऱ्या पत्र्याला ड्रिल लावलं आणि कोपऱ्याकोपऱ्यात भोकं पाडायला सुरुवात केली.

"आगं ये! भोकं बुजवायला आलो आन् तू नवी पाडायलीस?"

"पाण्याला वाट नको का? तुमच्या मेंढवाड्याला उतार ठेवताव का न्हाई?"

त्यानं वाकून कोपरे बघितले. मग म्हणाला, "त्या कोपऱ्यात आणखी एक पाड."

खुरं घसरू नयेत म्हणून तिनं कारखान्यातला जुना रबरी पट्टा कापून दिला, आकड्यांना अडकवायचा. रोज काढायचा, उन्हात टाकायचा.

फिटनेसच्या दिवशी मीही गेले. चप्पल हातात धरून, पुन्हा पडायला नको. तपासणारे साहेब कानडी बोलत होते, पण मराठी कळत होतं. टॉर्च घेऊन खाली वाकले, बराच वेळ बघितलं, चॅसी ठोकली. मग म्हणाले, "हौद्याला खालून भोकं कसली?"

काशाप्पा हात जोडून म्हणाला, "साहेब, ती पाडलेली हायत. पडलेली न्हाईत."

साहेब हसले न्हाईत. एका भोकात पेन घातलं, कड चाचपली, लिहिलं काहीतरी. कागद हातात आला तो इंग्रजीत. काशाप्पाला अक्षरओळख न्हाई, मला मराठीपुरती. चहावाल्याकडून वाचून घेतलं. पास. एक वर्ष.

"एकच?" काशाप्पा म्हणाला.

"तुला तरी कुणी लिहून दिलंय का एक वर्ष?" मी म्हणाले.

त्यानं राजशेखरला फोन लावला. जावयाला न्हाई म्हणायचं तर अदबीनं म्हणावं लागतं, म्हणून आधी पोराबाळांची खुशाली, पावसाची खुशाली, गोदामाची खुशाली. मग म्हणाला, "ती खुर्ची कुणा गरजूला द्या, जावईबापू. मला परवा औरादला जायचंय."

मंगल म्हणाली, आता दोन दिवस दम खा. त्यानं खाल्ला न्हाई. ठरल्या दिवशी पहाटेच औरादला नागव्वाची मेंढरं भरायला गेला. नागव्वा म्हातारी, माझ्याच वयाची, तिकडं एकटीच वीस मेंढरं राखते. त्यातली एक मेंढी रात्रीच विली होती. काशाप्पानं मेंढी कडेला बांधली, पिल्लू उचललं, पुसलं, आणि पुढं आपल्या शेजारच्या सीटवर ठेवलं. नागव्वानं विचारलं, तिथं कामून? तर म्हणाला, "खाली पत्रा गार हाय." आणि पहिला गिअर असा टाकला की पिल्लाची मान हललीसुद्धा न्हाई.