न सुटलेला अंबाडा

वन्सं गेल्याचा फोन आला, तेव्हा त्यांनीच घातलेला अंबाडा माझ्या डोक्यावर होता. हातखंब्याला मैत्रिणीच्या मुलाचं लग्न होतं. दुपारची पंगत बसली होती आणि शेजारच्या पानावरची एक अनोळखी बाई मला विचारत होती, "अहो, कुठल्या पार्लरमध्ये केलात? एवढा उकाडा, एवढे पंखे, आणि तुमचा एक केस हललेला नाही!" मी तोऱ्यात म्हणाले, "पार्लर कसलं? माझी नणंद आहे ना घरची." तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. पलीकडे आमचे हे. "शोभा, सुलूताई गेली... मागच्या पडवीत बसली होती, बसल्या जागीच." मी म्हणाले, "कुठे गेली?" खरंच, असंच म्हणाले. सकाळी जिने गुडघ्यांत माझं डोकं धरून मला दटावलं होतं, ती बाई दुपारपर्यंत जाईल कुठे? पानावरून उठले, हात धुतले आणि रिक्षात बसले. सगळ्या वाटेवर माझा हात डोक्यामागे होता. अंबाडा जागच्या जागी होता.

सुलभा ही ह्यांची थोरली बहीण. गावातल्या गावात, आमच्यापासून दोन आळ्या पलीकडे दिलेली. मी त्यांना वन्सं म्हणायची, आणि त्या मला "शोभे". कचेरीतली नोकरी करून निवृत्त झालेल्या, तोंडाने फटकळ, स्वतःच्या गुणांची पुरेपूर जाणीव असलेल्या. कुणी म्हणालं, "सुलूताई, काय सुंदर झालाय हो अंबाडा," तर लाजणंबिजणं नाही. "होणारच, कुणी घातलाय!" पार्लर त्यांनी कधी काढलं नाही. पण आळीतलं लग्न, मुंज, डोहाळजेवण, शाळेचं गॅदरिंग असलं की सकाळपासून त्यांच्या मागच्या दाराच्या पायरीवर बायका ओळीने बसलेल्या असायच्या. त्यातही दाट, कुरळ्या केसांच्या बायकांत त्यांना रस नसायचा. "हिचं काय, काडी खोचली तरी राहील," असं म्हणून त्यांना चटकन मोकळं करायच्या. त्यांचा जीव होता आमच्यासारख्यांवर, ज्यांचे केस पातळ, सरळ आणि निसरडे.

पातळ, सरळ, रेशमी केस! ऐकायला काय गोड वाटतं. ज्याच्या डोक्यावर आहेत त्याला विचारा. क्लिप लावली की घसरते, रबर लावलं की जिना उतरेपर्यंत मानेवर येतं. माझी आई म्हणायची, "शोभाच्या डोक्यावर केस नाहीत गो, पाणी आहे पाणी." लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालायचे, तर अंबाड्यावर हलव्याचं फूल बसेना. तीन बायकांनी हात टेकले. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात वन्सं आल्या, माझे केस बोटांतून सोडून पाहिले आणि एकदम खूश झाल्या. "अगो, ही तर माझ्याच जातीची!" तेव्हा मला कळलं की त्यांचे केसही तसेच. मग मला पायरीवर बसवलं, मागे स्वतः वरच्या पायरीवर बसल्या आणि माझं डोकं गुडघ्यांत घट्ट धरलं. "मान हलवू नको, बये." त्या दिवशी रात्री निजायला गेले तेव्हा हलव्याचं फूल होतं तिथेच होतं. मी आरशापुढे उभी राहून बघतच बसले.

हे वेड त्यांना लागलं ते स्वतःच्या लग्नात. ही गोष्ट त्या इतक्यांदा सांगायच्या की आम्हांला पाठ झाली होती. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, बापूंनी, म्हणजे वन्संच्या यजमानांनी, हार घालायला हात वर केले आणि वन्संचा अंबाडा सुटून त्यावरची फुलांची वेणी पाटावर पडली. सगळा मांडव फिदीफिदी हसला. बापू बिचारे वाकले, वेणी उचलली आणि आता हिचं काय करायचं ते न कळून कोटाच्या खिशात ठेवली. "ह्यांनी खिशात घातली आणि वर मला हळूच म्हणाले, असू दे. म्हणून हा माणूस मला आवडला. पण सासरची माणसं वर्षभर हसत होती गो! तेव्हाच ठरवलं, पातळ केस म्हणजे काय ते ह्या गावाला दाखवते." आणि दाखवलं की.

त्यांची रीत ऐकायला साधी होती. समारंभाच्या दिवशी डोक्यावरून न्हायचं नाही, न्हालेला केस हातात राहत नाही. आदल्या दिवशी न्हायचं, आणि केस ओले असतानाच पेजेची वरची निवळ हलक्या हाताने फिरवायची. सकाळी आपण जी पेज जेवतो, तीच. सुकली की केसाला खरखर येते आणि केस केसाला धरतो. मग त्यांची ती चोरवेणी. मानेच्या वर, आतल्या बाजूला थोडेसे केस घेऊन त्याची बारीक, करकचून वेणी घालायच्या, आणि त्या वेणीतच केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, ओला दोरा गुंफायच्या, ज्याने आपण अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करतो तोच. सोप सुकतं तसं आवळतं. सगळे आकडे त्या लपलेल्या वेणीत अडकवायच्या. "आकडा केसाला लावाल तर घसरणारच. वेणीला लावा, वेणी सोडत नाही." वरून बघणाऱ्याला फक्त गोल, मऊ, सैलसर अंबाडा दिसायचा. आत काय बांधून ठेवलंय ते ज्याचं डोकं त्यालाच माहीत.

माझ्या अनघाला केस माझेच आले, बापडीला. तिने लग्न ठरवलं गणपतीपुळ्याला, समुद्रासमोरच्या हॉलमध्ये. मी म्हटलं, अगं तिथला वारा! पण वन्सं म्हणाल्या, "असू दे, वाऱ्याला पण कळू दे." मेकअपसाठी आलेली मुलगी चांगली होती, तिने वन्संचा हात चालताना पाहिला आणि मोबाइल काढला. वन्संनी तिच्याकडे बघितलंही नाही. "फोन ठेव. बोट दे इकडे." तिचं बोट धरून त्यांनी अनघाच्या चोरवेणीवर ठेवलं. "लागलं? हे बघून येत नाही गो, हात लावून येतं." दुपारी फोटोवाल्याने नवरानवरीला वाळूत चालवलं. करवल्यांचे केस तोंडावर, सगळ्या झिंज्या सावरतायत, माझा पदर माझ्या ताब्यात नाही, आणि मध्ये अनघा चालतेय, डोक्यावर अंबाडा शांत. वन्सं किनाऱ्यावर खुर्ची टाकून कॉफी पीत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाल्या, "काय बघतेस? मला ठाऊकच होतं." मला मात्र ठाऊक नव्हतं. मला तो चमत्कार वाटला, आजही वाटतो.

शेवटच्या सकाळी काही वेगळं झालं नाही. मी आदल्या दिवशी पेज फिरवून गेले होते. त्या म्हणाल्या, "थोडं दमल्यासारखं वाटतंय गो." मी म्हटलं, "मग राहू दे, मी गाठ मारून जाते." एवढ्या भडकल्या! "माझ्या घरातून गाठ मारून जाणार? बस खाली." मी बसले. मान हलली म्हणून दटावलं, परत हलली म्हणून टपली मारली. शेवटी मागून दोन्ही तळवे अंबाड्यावर ठेवून हलकेच दाबले, दर वेळी दाबायच्या तसे, आणि म्हणाल्या, "जा आता. काही होत नाही."

मी पोचले तेव्हा मधल्या खोलीत बायका जमल्या होत्या. बापू ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले. वन्सं सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांना न्हाऊ घालून हिरवी साडी नेसवली होती, मळवट भरला होता, अबोलीचा वळेसर परडीत तयार होता. राहिले होते केस. नुकते न्हालेले, ओले, पातळ केस. दोघींनी अंबाडा घालून पाहिला, दोन्ही वेळा सुटला. मी पर्समधले आकडे काढले तर वन्संच्या थोरल्या जाऊबाईंनी माझा हात धरला. "लोखंड नको गो तिच्यासोबत. अंगावर काही लोखंड जायचं नाही." आमच्याकडे तशी रीत आहे. मग कुणीतरी म्हणालं, "नुसती गाठ मारा नि वळेसर ठेवा वर. आता कोण बघतंय?" नुसती गाठ! ह्या बाईला! मी जवळजवळ ओरडलेच, "नाही. गाठ मारून त्या जाणार नाहीत."

म्हणाले खरी, पण येत कुठे होतं मला? इतकी वर्षं त्यांच्यापुढे बसले, पण बसले ती पाठ करून! दुसऱ्यांच्या डोक्यावर पाहिलं होतं, पण बघून ते येत नाही, आणि माझ्या डोक्यावर काय चालायचं ते तर मी कधी बघितलंच नव्हतं. घरी येऊन दर वेळी अंबाडा सोडायची, पण थकलेली बाई आकडे भसाभस उपसते आणि मोकळी होते, ती काय बघणार? आता एकच अंबाडा होता, ज्याला विचारता आलं असतं. तो माझ्या डोक्यावर होता. त्यांच्या हातचा शेवटचा. घरी गेल्यावर डोक्यावरून अंघोळ करावी लागणार हे माहीत होतं, तरी वाटत होतं, तोवर तरी राहू दे ना... तेवढंच त्यांचं माझ्यापाशी उरलंय. मी मागच्या पायरीवर जाऊन बसले, माझ्या नेहमीच्या जागी. थोडा वेळ नुसती बसले. मग एक एक आकडा काढायला लागले, अगदी हळू, कुठून निघाला, कुठल्या बाजूला वळला होता, ते बोटांनी चाचपत. काढलेला आकडा त्याच क्रमाने पायरीवर मांडत गेले. आकडे निघाले तरी अंबाडा पडला नाही! तो धरला होता सोपाने. चोरवेणीच्या शेंड्याला सोपाची दोन लांब टोकं सोडलेली होती, ती अंबाड्याभोवती आतून फिरवून परत वेणीत घातलेली. आकडे तर नुसते वरच्या टापटिपीसाठी होते. मी शेवटी तीही टोकं सोडली आणि केस पाठीवर उतरले. तेव्हा मात्र मी पदरात तोंड खुपसून रडले.

आत आले तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी माझ्यापुढे वाटी धरली. पेजेची निवळ. सकाळी वन्संनीच रांधलेली पेज चुलीवर तशीच होती. "नाहीतरी टाकायचीच," त्या म्हणाल्या, "लाव." मी केस टिपले, निवळ फिरवली, पंख्याखाली सुकू दिले. वन्संचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले. कारण डोळ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते माझ्या डोक्याला. आधी मानेवर बारीकशी कळ यायची, तिथे मी त्यांची चोरवेणी घातली. मग उजव्या कानामागे ओढ बसायची, मग डावीकडे सैल, मग टाळूवर त्यांची मूठ फिरायची. जिथे जिथे मला लागायचं, तिथे तिथे माझी बोटं गेली. सोप माझ्याच केसांतलं, त्यांनीच सकाळी गुंफलेलं, ते भिजवून घेतलं आणि त्यांच्या वेणीत घातलं. टोकं आतून फिरवली, आवळली, वळेसर माळला. शेवटी दोन्ही तळवे ठेवून हलकेच दाबले. डोळे उघडले. अगो बाई... तसाच. गोल, मऊ, आणि लोखंडाचा एक आकडा नाही. मला माझ्या हातांचीच भीती वाटली, ते माझे वाटेनात.

मंडळी त्यांना घेऊन गेली. चढणीचा रस्ता, खांदे बदलताना बसणारे हिसके, वरचा वारा, सगळं मला घरी बसून दिसत होतं. देवाजवळ मी दुसरं काहीच मागत नव्हते, फक्त एवढंच की सुटू नये. संध्याकाळी माणसं परतली. बापू सरळ मागच्या दारी आले. मी न्हाऊन, मोकळ्या केसांनी पायरीपाशी उभी होते, आकडे अजून ओळीने पडलेले. बापूंनी आकड्यांकडे बघितलं, माझ्या केसांकडे बघितलं. म्हणाले, "लग्नात सुटला होता." मग चौकटीला टेकले. "आज नाही सुटला, शोभा. मी शेवटपर्यंत बघत होतो."

त्याला महिना होऊन गेला. रोज सकाळी मी बापूंना डबा घेऊन जाते. ते आकडे त्यांनी दाराच्या चौकटीवरच्या फळीवर ठेवलेत, त्याच ओळीने, आणि कुणाला हात लावू देत नाहीत. डबा ठेवला की मी पायरीवर टेकते. टेकते ती सवयीने, दाराकडे पाठ करून, मान जराशी खाली. बापू आतून विचारतात, "शोभा, निघालीस का?" मी ओ देत नाही. माझ्यामागे वरच्या पायरीवर कुणी नाही हे मला नीट ठाऊक आहे. तरी मी मान हलवत नाही.